आधी हात मागे

जोवेलिन पहिल्या परीक्षेत नापास झाली ती हातांमुळे, डोक्यामुळे नव्हे. डोकं तिचं तल्लख. नाडी कुठे बघायची, श्वास कसा मोजायचा, ऑक्सिजनचा नळ किती सोडायचा, सगळं तोंडपाठ. पण हात! ते तिला न विचारताच कामाला लागले आणि घात झाला.

फिलिपिन्समधल्या आमच्या या नेग्रोस बेटावरच्या किनाऱ्याच्या गावात पालिकेचं एक बचाव पथक आहे. गाड्या दोन, माणसं मोजकी. त्यातला एक गडी कतारला गेला. जातातच ते, चार गोष्टी शिकले की विमानात बसतात. तर त्याची अँब्युलन्सवरची जागा रिकामी झाली आणि तिच्यासाठी पोरांची ही झुंबड उडाली. जोवेलिनने ईएमटीचा कोर्स नुकताच पुरा केला होता. म्हणजे जखमी माणसाजवळ सगळ्यात आधी पोचायचं, त्याला जपून उचलायचं आणि दवाखान्यापर्यंत जिवंत न्यायचं, हे काम. सरकारी दाखला हातात होता. तिला वाटलं, दाखला दाखवला की नोकरी मिळाली. सगळ्यांनाच तसं वाटतं.

परीक्षा घ्यायला होती मनांग लुडी. थोरल्या बाईला आम्ही मनांग म्हणतो, थोरल्या पुरुषाला मनोंग. पथकातली सगळ्यात जुनी बाई. बुटकी, रुंद खांद्यांची, आणि चेहरा असा की हसली तरी कुणाला कळू नये. तिने पथकातल्या एका पोराला फरशीवर आडवं केलं आणि सांगितलं, "हा शिडीवरून पडलाय. कर काय करायचं ते."

पोरगा नाटक छान करत होता. "अगाई गं, माझा पाय! पाय गेला गं माझा!"

जोवेलिन धावली, गुडघ्यावर बसली आणि तिने त्याचा पाय मांडीवर घेतला. अंगठा पोटरीवरून खाली फिरला, टाचेशी थांबला, आणि दुसऱ्या हाताने तिने दिला एक झटका. कट्‌कन आवाज आला. पोरगा आता खरंच ओरडला.

"थांब," लुडी म्हणाली. "काय केलंस हे?"

जोवेलिन आपल्या हातांकडे बघत राहिली. आपण काय केलं हे तिलाही तेव्हाच कळलं होतं.

"शिडीवरून पडलेला माणूस," लुडी म्हणाली. "मान बघितलीस? श्वास बघितलास? नाव विचारलंस? हात लावू का म्हणून तरी विचारलंस? नाही. तू मालिश करायला बसलीस! कुणाची गं तू?"

"नानाय इस्तिंगची."

"तरीच," लुडी म्हणाली आणि तिने पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

आता नानाय इस्तिंग कोण, हे आमच्या वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. साऱ्या वस्तीची नानाय, म्हणजे आई. हिलोत, म्हणजे तेल लावून चोळून सांधे-शिरा जागेवर बसवणं, ते करणारी बाई ती. कुणाचा पाय मुरगळला, कुणाची पाठ धरली, कुणाचं पोर रात्रंदिवस किरकिरतंय, की चला इस्तिंगकडे. खोबरेल तेलाची बाटली, केळीचं पान आणि ते दोन हात, एवढ्यावर तिने नवऱ्यामागे घर चालवलं आणि जोवेलिनला वाढवलं. लोक देतील ते घ्यायची: अंडी, मासे, कधी कोंबडी. जोवेलिन त्याच पडवीत लहानाची मोठी झाली. चालायला शिकायच्या आधी ती आईच्या तेलकट मांडीवर बसून लोकांचे पाय बघायला शिकली होती. दुखतंय म्हटलं की तिचे हात शिवशिवायचे, आणि जिथे दुखतंय तिथेच जायचे.

नापास झाल्याचं घरी कळलं तेव्हा नानाय खूशच झाली. लपवायचीही तसदी घेतली नाही तिने. इंदाय, म्हणजे पोरी, अशी लाडाने हाक मारून म्हणाली:

"बरं झालं, इंदाय. कशाला पाहिजे ती बोंबलणारी गाडी? माझ्याजवळ बस. माझ्यानंतर हे कोण करणार?"

"मला गाडीवरच जायचंय, नानाय."

"का? माझ्या हातांत काय खोट आहे?"

जोवेलिनकडे उत्तर होतं, पण ते आईला सांगण्यासारखं नव्हतं. कोर्समध्ये असताना दवाखान्यात तिने एक बाई पाहिली होती. घसरून पडलेली. कुणीतरी हिलोतवाल्याने तिची कंबर तेल लावून चोळली होती, आतलं मोडलेलं हाड अजून मोडेपर्यंत. तो हिलोतवाला दुसऱ्या गावचा होता, नानाय नव्हती. पण जोवेलिनला त्या बाईच्या कमरेवरचा खोबरेलाचा वास आला, तो थेट घरच्या पडवीतला.

दुसऱ्या दिवशी ती पथकाच्या आवारात जाऊन उभी राहिली. लुडी अँब्युलन्सच्या मागच्या पायरीवर बसून गुळाची पिआया, आमच्याकडची पुरणपोळीसारखी चपटी पोळी, खात होती.

"नापास झालेली इथे काय करतेय?"

"विचारायला आले, मनांग. मला नोकरी मिळवायची आहे. काय करू?"

लुडीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. रडत आलेली पोरं तिने ढीगभर पाहिली होती, वशिला घेऊन आलेलीही. विचारायला आलेली विरळाच.

"बादली कुठे आहे ते बघ आणि गाडी धू," ती म्हणाली.

जोवेलिनने गाडी धुतली. लुडी खाताखाता बोलत राहिली.

"ऐक. दाखला सगळ्यांकडे असतो, त्याला कुणी विचारत नाही. मी काय बघते? एक तर पाठ. स्ट्रेचरचं एक टोक तुझ्या हातात दिलं तर जिना उतरशील का? उतरायचं ते मांड्यांच्या जोरावर, कमरेच्या नाही. बाजारात जा, तांदळाची पोती उचल, फुकट उचल. मग रस्ते. इथे पत्ता कुणी सांगत नाही, 'मेलेल्या तियो बेरतोच्या दुकानाच्या पुढे, जिथे पूर्वी कायमितोचं झाड होतं' असं सांगतात. ते दुकान नाही, ते झाड नाही, आणि माणूस तिथे मरतोय. ते झाड कुठे होतं हे तुला माहीत पाहिजे. गाडी चालवता येते?"

"नाही."

"शीक. ड्रायव्हर आजारी पडला तर काय ढकलत नेणार? आणि मुलाखतीत मागची चूक विचारली तर लपवू नकोस. लपवणाऱ्याला मी पेशंटजवळ बसवत नाही. आज चूक लपवली तो उद्या औषध चुकलं तरी लपवेल."

"आणि हात?" जोवेलिनने विचारलं.

लुडीने बोटांवरचा गूळ चाटला.

"हात मागे बांध. खरंच सांगते. माणूस दिसला की आधी हात पाठीमागे. तोंडाने बोल: जागा सुरक्षित आहे का, शुद्धीवर आहे का, मान, श्वास, रक्त. सगळं मोठ्याने म्हण. मग हात पुढे आण. तुझे हात वाईट नाहीत गं. उतावळे आहेत."

मग काय विचारता! जोवेलिनने जे आरंभलं ते बघून वस्तीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. म्हणजे टॉवेल लावून. पदर इथे कुठला! ती बाजारात हमालांच्या बरोबरीने पोती उचलायची. "इंदाय, लग्नाआधीच नवऱ्याला उचलून न्यायची तयारी चाललीय का?" म्हणून हमाल चिडवायचे. "तुझ्यासारखा मिळाला तर स्ट्रेचरच्या बोर्डावर बांधूनच नेईन," ती म्हणायची आणि पुढचं पोतं घ्यायची. ट्रायसिकलवाल्यांच्या, म्हणजे आमच्या रिक्षावाल्यांच्या, मागे बसून तिने गल्लीबोळ पालथे घातले. दर रविवारी प्रार्थनेनंतर थेट पथकाच्या आवारात, गाडी धुवायला. ड्रायव्हर मनोंग बोनिंग तिला रिकाम्या मैदानात गाडी शिकवायचा आणि दर वळणावर छातीवर क्रूस काढायचा.

आणि घरी? घरी रोज भांडण. कारण नानायकडे कुणी लंगडत आलं की जोवेलिन पडवीच्या खांबाशी, हात पाठीमागे गुंफून उभी राहायची आणि मोठ्याने म्हणायची, "शुद्धीवर आहे. श्वास ठीक. रक्त नाही. कसा पडलात, मनोंग? किती उंचावरून?"

"माझ्या अंगणात उभी राहून माझ्याच माणसांना घाबरवतेस?" नानाय कडाडायची. "हात मागे काय बांधलेस? चोरी केलीस का?"

त्यातच पास्माचं प्रकरण. तापलेल्या हातांवर गार पाणी पडलं की शिरा बिघडतात, हात थरथरायला लागतात, त्याला आम्ही पास्मा म्हणतो. हिलोत केल्यावर नानाय कित्येक तास पाण्याला शिवायची नाही. आणि ही पोरगी आवारातून आली की आधी नळाखाली हात! साबण, पाणी, पुन्हा साबण.

"पास्मा होईल, मेले! म्हातारपणी घास तोंडात जायचा नाही!"

"नानाय, हात धुतले नाहीत तर एकाचा रोग दुसऱ्याला जातो."

"माझ्या हातून कुणाला रोग झाला? नाव सांग! एक नाव सांग!"

मग दोघी जेवायला बसायच्या. एकमेकींशी बोलायच्या नाहीत, पण ताटात माशाचा चांगला तुकडा मात्र एकमेकींच्या बाजूला सरकवत राहायच्या.

पुढच्या वर्षी जागेची परीक्षा पुन्हा झाली. मधल्या काळात ती जागा ज्याला मिळाली होती तोही कतारला गेला होता. लुडीने मुद्दाम तोच खेळ मांडला: शिडी, पोरगा, पाय. जोवेलिनने हात पाठीमागे घेतले आणि तोंडाने सुरू केलं. मागच्या वर्षी काय चुकलं, असं मुलाखतीत विचारलं तेव्हा तिने पायाच्या कट्‌कन आवाजासकट सगळं सांगितलं. समोरचे साहेब हसले. लुडी हसली नाही, किंवा हसली असेल तर कळलं नाही.

पण जागा लगेच दिली नाही. "फिएस्टा होईपर्यंत गाडीवर बस," लुडी म्हणाली. "फरशीवरचं माणूस वेगळं, रस्त्यावरचं वेगळं. मग मी सांगेन ठेवायचं की नाही. आणि यावेळी नाही म्हटलं तर पुन्हा येऊ नकोस, इंदाय. त्यात तुझंही वय जाईल आणि माझाही वेळ."

फिएस्टाच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, आदल्या दिवशी भर दुपारी आवारातला फोन वाजला. वस्तीच्या चॅपेलजवळ माणूस पडला होता. पताका बांधताना, बांबूच्या शिडीवरून. जोवेलिनने पत्ता पुन्हा एकदा विचारून घेतला. ते चॅपेल तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं.

बोनिंगने गाडी गर्दीच्या तोंडाशी आणली. लुडी खाली उतरली, पण पुढे गेली नाही. "तू जा," ती म्हणाली. "आम्ही बोर्ड घेऊन मागून येतो." आणि ती मुद्दाम सावकाश मागचं दार उघडत राहिली.

पडला होता दादो. सुतार, तीन पोरांचा बाप, वस्तीतल्या प्रत्येक फिएस्टाच्या पताका बांधणारा. डावा पाय भलत्याच दिशेला वळला होता आणि तो त्या पायासाठीच ओरडत होता. भोवती पुरुष बाह्या सरसावून उभे. आमच्याकडे माणूस पडला की आधी सगळ्यांनी मिळून त्याला उचलायचं, ट्रायसिकलमध्ये कोंबायचं आणि पळवायचं. त्यात कुणाची वाईट भावना नसते, तोच तर घोळ आहे. दोघांनी काखेत हात घातलेच होते.

आणि दादोच्या डोक्याशी, गुडघ्यांवर, तेलाची बाटली उघडून, नानाय इस्तिंग.

जोवेलिनचे हात शिवशिवले. तो वाकडा पाय! तिच्या बोटांना तो कसा धरायचा ते आयुष्यभर माहीत होतं. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

"कुणी उचलायचं नाही!" ती ओरडली. "हात काढा सगळे! मनोंग दादो, मान हलवू नका, तोंडानेच बोला. मला ओळखलंत?"

"इस्तिंगची पोर... पाय बघ गं, माझा पाय..."

"बघते. आधी हाताची बोटं हलवा."

बोटं हलली, पण जेमतेम. "मुंग्या आल्यात," दादो म्हणाला. "दोन्ही हातांना. आणि मान अवघडलीय जरा."

"ती अवघडलेली मान मी आत्ता सोडवते," नानाय म्हणाली आणि तिने तळहातावर तेल घेतलं. "एकदा फिरवली की मोकळी होईल. मग पायाचं बघू."

"नानाय, हात लावू नकोस."

नानायचा तेलाचा हात अर्ध्यातच थांबला.

"काय म्हणालीस?"

"मान फिरवायची नाही."

"अहो, ऐका!" गर्दीतून एक म्हातारी फणकारली. "कालची पोर, आईला शिकवायला निघाली! दादोची तीनही बाळंतपणं कुणी केली?" दादोची नव्हेत, त्याच्या बायकोची, पण भांडणात एवढं कोण बघतं! "इस्तिंग आहे ना इथे, मग गाडी हवीच कशाला?"

नानायचा चेहरा लाल झाला होता. चारचौघांत, जन्मभराच्या माणसांत, पोटच्या पोरीने तिचं नाक कापलं होतं. जोवेलिनला ते दिसत होतं. हेही दिसत होतं की गाडीच्या दाराशी लुडी उभी आहे. यातलं काहीही चुकलं तर आज आई गेली, किंवा नोकरी गेली, किंवा दादो गेला. ती आईसमोर गुडघ्यावर बसली.

"नानाय, हातांना मुंग्या आल्यात म्हणजे मानेच्या आत काहीतरी झालंय. फिरवलीस तर तो पुन्हा उठणार नाही. हे मी रागाने नाही बोलत." तिने आवाज खाली आणला. "मला तुझे हात पाहिजेत. या रस्त्यावर तुझ्याइतके बळकट हात कुणाचे नाहीत. तेल पूस. डोकं दोन्ही बाजूंनी धर. दाबायचं नाही, वळवायचं नाही. आहे तसं, आहे तिथेच धरून ठेव. मी सोड म्हणेपर्यंत."

"नुसतं धरून बसू? त्याने काय होणार आहे?"

"काही होऊ नये, एवढ्याचसाठी."

त्या बाईने आयुष्यात हात कधी स्थिर ठेवले नव्हते. पण आता तिने झग्याला तेल पुसलं, कोपर जमिनीवर टेकले आणि दादोचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं.

पुढचं सगळं जोवेलिनने तोंडाने म्हणत म्हणत केलं. श्वास. रक्त. छाती, पोट. मानेचा पट्टा. पाय शेवटी, आणि तोही न ओढता, आहे तसा बांधून. जे पुरुष उचलायला धावले होते त्यांनाच तिने दादोच्या दोन्ही बाजूंना बसवलं. "मी तीन म्हटल्यावर. आधी जो उचलेल त्याला मी इथेच झोपवीन." तेव्हा कुणीतरी हसलं. लुडी आणि बोनिंग आता जवळ आले होते. लुडीने फक्त बोर्ड सरकवला.

"नानाय, आता सोड."

नानायने सोडलं नाही. तिचं लक्षच नव्हतं. ती दादोच्या कपाळाकडे बघत ओठांतल्या ओठांत प्रार्थना करत होती. जोवेलिनने तिच्या मनगटावर हात ठेवला, तेव्हा ती भानावर आली.

संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला. दादोच्या मानेचं हाड तडकलं होतं, पण आतली नस शाबूत होती. महिनाभर पट्टा लागेल आणि पायाला प्लास्टर, पण तो चालेल. लुडीने निरोप ऐकला, फोन ठेवला आणि जोवेलिनला म्हणाली, "गणवेशाचं माप देऊन जा. आणि गाडी अजून धुतलेली नाही."

जोवेलिनने गाडी धुतली. बादली रिकामी केली, आणि मग एकटीच पायरीवर बसून पोटभर रडली.

घरी आली तेव्हा नानाय पडवीत बसली होती. दिवा लावलेला नव्हता. समोर पातेल्यात कोमट पाणी, त्यात मीठ. हे पास्मावरचं औषध. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि थरथरत होते.

"पास्मा झाला?" जोवेलिनने विचारलं. आता भांडण होणार असं धरूनच ती चालली होती.

नानायने नाही म्हणून मान हलवली.

"ये. हात धू," ती म्हणाली. "पाणी गरम आहे. तुझं धुणंही झालं आणि माझं मनही राहिलं."

जोवेलिनने पातेल्यात हात घातले. नानायनेही घातले. दोघींची बोटं पाण्याखाली एकमेकींना लागली, आणि मग जोवेलिनला कळलं की आपलेही हात थरथरताहेत.

"तीन बाळंतपणं केली मी त्या घरात," नानाय पाण्याकडे बघत म्हणाली. "तेल हातावर घेतलं होतं, इंदाय. तू येईपर्यंत थांबलेच नसते मी. बाटलीचं बूच अडकलं होतं, म्हणून तेवढा वेळ गेला."

जोवेलिनने तिची बोटं पाण्यातच धरली.

"हा पास्मा नाही," नानाय म्हणाली. "भीती आहे ही. तुला वाटते का गं, रोज?"

"रोज," जोवेलिन म्हणाली.

"मग हात मागे बांधून उभी राहतेस ते..."

"त्याच्यासाठीच."

नानायने पाण्यातून हात काढले, झग्याला पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा एक पोरगा नारळाच्या झाडावरून पडला आणि लोक धावत इस्तिंगच्या दारात आले. ती चपला घालून निघाली. तेलाची बाटली घेतली, मग परत ठेवली. झाडाखाली पोचली तेव्हा पोराचा बाप त्याला उचलायला वाकला होता. नानाय इस्तिंगने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एवढ्या मोठ्याने ओरडली की चॅपेलपर्यंत ऐकू गेलं:

"कुणी उचलायचं नाही! माझ्या पोरीला बोलवा!"